सेंटर फील्डरसाठी केलेली रदबदली

बॅटची कड घेऊन चेंडू कॅचरच्या डोक्यावरून मागं गेला, जाळीवर आदळला, आणि मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. लहानपणापासून क्रिकेटमुळे डोक्यात बसलेलं होतं की चेंडू मागं पळाला म्हणजे चौकार. नुसत्या टाळ्यांवर भागलं असतं तर खपून गेलं असतं, पण मी 'वेल प्लेड' असंही जोरात म्हणालो. पुढच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या. आमची मुलगी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेल. तिनं टोपी नाकापर्यंत ओढली आणि टोपीतूनच म्हणाली, "बाबा, डोन्ट. दॅट्स अ फाउल."

हा ऐंशीच्या दशकातला, मधला कुठलातरी उन्हाळा. आम्ही इलिनॉयमध्ये राहायचो, शिकागोपासून तीनेक तासांवर. चहूकडे मका, आणि मधोमध ट्रॅक्टरचे भाग करणारा एक कारखाना. त्या कारखान्यात मी इंजिनियर. गावाला व्यावसायिक बेसबॉल संघ मिळून दुसरंच वर्ष होतं आणि कारखान्यानं आम्हाला फुकट तिकिटं वाटली होती. फुकट असल्यामुळे मी गेलो, हे वेगळं सांगायला नको. संघ व्यावसायिक, पण फार खालच्या पायरीवरचा. टीव्हीवर दिसणारे मोठे क्लब गावोगावी असे संघ ठेवतात. त्यात विशी-एकविशीची पोरं खेळतात आणि क्लबची माणसं बघत असतात की कुणाला वर न्यायचं, कुणाला घरी पाठवायचं. आमच्या गावच्या संघाला घरी पाठवण्याचा चांगलाच सराव होता, कारण ती मंडळी सारखी हरत होती. आमची पोरं हरायला येतात आणि आपण बघायला, असं कारखान्यातले लोक कॉफीच्या मशीनपाशी म्हणायचे.

माझ्या त्या टाळ्यांचा परिणाम असा झाला की पुढच्या रांगेतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंना मी फार निष्ठावान प्रेक्षक वाटलो. संघ हरतोय, फलंदाज धड मारत नाहीये, आणि हा गृहस्थ फाउलला, फुकट गेलेल्या चेंडूलासुद्धा, उभा राहतो. खेळाडूंची राहायची सोय बघायचं काम त्या बाई करत. या पोरांचे पगार इतके बेताचे असत की गावातली कुटुंबं त्यांना उन्हाळाभर घरी ठेवून घेत. बाईंनी मला विचारलं, तुमच्याकडे खोली आहे का? मी म्हणालो, आहे ना, आमचं घर तुमचंच समजा. आपल्याकडे हे म्हणतात. म्हणणाराही पुढं काही करत नाही आणि ऐकणाराही येत नाही. शनिवारी सकाळी बाई दारात हजर. त्यांच्यामागं दोन बॅगा, आणि बॅगांमागं एक उंच, सडपातळ, लालसर कानांचा मुलगा. बायकोनं माझ्याकडे जे पाहिलं त्याचं वर्णन करत नाही. पण मुलाकडे वळली तेव्हा हसून म्हणाली, "ये रे बाबा, बस." मराठीत. तो बसला.

तो ओक्लाहोमातल्या एका लहान गावातून आलेला. संघातला सेंटर फील्डर, म्हणजे पार मागं, मैदानाच्या मधोमध उभा राहणारा. तिथं सगळ्यांत जास्त पळावं लागतं. क्लबनं त्याला घेतलं होतं तेच मुळी त्याच्या पायांसाठी. तो मला 'सर' म्हणायचा, बायकोला 'मॅम'. मुलीनं दोन दिवसांत त्याला 'काकू' शिकवलं, आणि पुढं तो 'मॅम काकू' म्हणायला लागला, ते कुणी दुरुस्त केलं नाही.

आम्ही हरखून गेलो होतो, खोटं कशाला बोलू. महिन्यातून एकदा आम्ही शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूला, आपल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, किराणा आणायला जायचो आणि तिथून एका डॉक्टर मित्राकडे जेवायला. तिथं जमलेल्या मराठी मंडळींमध्ये कुणाच्या नवीन घराचं चाललेलं, कुणाच्या मुलाच्या स्पेलिंगच्या स्पर्धेचं. मी मात्र म्हणायचो, आमच्याकडे एक प्रोफेशनल खेळाडू राहतो. मंडळी माना डोलवायची. मी कोणता खेळाडू, कुठल्या पायरीवरचा, संघाचं काय चाललंय, यात फारसा शिरायचो नाही. शेवटी डॉक्टरांनी पेपरातला संघांच्या क्रमवारीचा बारीक अक्षरांतला तक्ता शोधून काढला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "काय हो, तुमचा संघ कुठंय? मी वरून बघत आलो, खालपर्यंत आलो, पान संपलं." मी हसलो. आतून काही हसलो नव्हतो.

आता जेवणाचं सांगतो, कारण खरी गोष्ट जेवणाचीच आहे.

सामने संध्याकाळी असत, रविवारी दुपारी. तेव्हा तो दुपारीच आमच्याबरोबर जेवायचा. बायको सकाळची नोकरी करून एकला घरी यायची आणि त्याच्यासाठी पोळ्या लाटायची. पहिल्याच दिवशी त्यानं ताट असं स्वच्छ केलं की जणू धुतलं. बायकोला कोण आनंद. आपल्याकडे रिकाम्या ताटाचा अर्थ एकच, वाढायला हवं. तिनं वाढलं. त्यानं संपवलं. तिनं पुन्हा वाढलं. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून म्हणायचो, अगं, वाढ त्याला, पळायचंय त्याला. वरणभात, त्यावर घरी कढवलेलं तूप, बटाट्याची भाजी, पोळ्या. रविवारी काही तरी गोड. त्याचे कान जेवताना आणखी लाल व्हायचे. ते आम्हाला समाधानाचं लक्षण वाटायचं.

जूनच्या शेवटापर्यंत त्याच्या गालांवर चांगली साय आली. बायकोनं मला दाखवलंसुद्धा, "बघा, कसा अंगानं भरलाय." आम्ही दोघं कौतुकानं बघत राहिलो.

मग तो रविवार आला. डेव्हनहून आणलेला चक्का होता म्हणून बायकोनं श्रीखंड-पुरीचा बेत केला. किती पुऱ्या झाल्या ते मी सांगत नाही, मलाच वाईट वाटतं. दोन वाजता सामना. ऊन असं की मैदान तव्यासारखं. आम्ही तिघं आमच्या नेहमीच्या जागी बसलो. सामना चुरशीचा चालला होता, म्हणजे आमच्या संघाच्या मानानं. पुढं होतो आम्ही. आणि मला इथून दिसत होतं की आमचा मुलगा लांब तिथं, हिरव्यागार मोकळ्या जागेत, एका पायावर भार देऊन, हळूहळू डुलतोय. श्रीखंडाचं डुलणं मला लांबूनही ओळखू येतं. चेंडू उंच उडाला. तो उशिरा निघाला. धावला, खूप धावला, हात लांबवला, आणि चेंडू त्याच्यापुढं दोन हातांवर पडला. तोवर समोरच्या संघाचे तीन जण चक्कर पूर्ण करून घरी पोचले होते, म्हणजे तीन धावा. आम्ही हरलो. मागून कुणीतरी म्हणालं, अरे झोपायचंच होतं तर घरी झोपायचं. मी टोपीवरचं संघाचं चिन्ह चाचपलं आणि हळूच टोपी काढून मांडीवर उलटी ठेवली.

त्या संध्याकाळी मुलीनंच आम्हाला सांगितलं. आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभं राहून त्याला आणखी ताकद कशी येईल याचा विचार करत होतो. मी बदाम सुचवले होते. मुलगी आली आणि इंग्रजीत म्हणाली, तुम्हाला कळत नाहीये का, तो थांबू शकत नाही. त्याच्या आईनं शिकवलंय की कुणाच्या घरी ताटात टाकायचं नाही, टाकलं तर वाढणाऱ्याचा अपमान. तो संपवतो आणि तुम्ही वाढता. त्यानं मला विचारलं, हे थांबवायचं कसं असतं?

"मग तू काय सांगितलंस?" बायकोनं विचारलं.

"ताटावर हात धरायचा. पण ही सेज इट्स रूड."

त्यानंतर तिनं जे सांगितलं ते जास्त वाईट होतं. मॅनेजरनं सगळ्यांना घड्याळ लावून पळवलं होतं आणि आमचा मुलगा वसंतात पळायचा त्याहून हळू निघाला होता. महिन्याअखेर वरच्या क्लबचा माणूस बघायला येणार होता. त्यानंतर काही जण घरी जाणार, आणि आपण त्यांत असू असं त्याला वाटत होतं. हे सगळं तो दहा वर्षांच्या मुलीपाशी बोलला होता, कारण आम्ही दोघं मोठी माणसं त्याला बोलूच देत नव्हतो, तोंड भरून ठेवत होतो.

दुसऱ्या दिवसापासून बायकोनं वाढायचं बंद केलं. भांडी टेबलावर मांडायची, बरोबर उकडलेल्या भाज्या आणि गाजर-काकडी, आणि म्हणायची, ज्याचं त्यानं घ्यायचं. तिला हे करणं किती जड गेलं ते मला ठाऊक आहे. ज्या घरात पाहुण्याला स्वतःच्या हातानं घ्यावं लागतं ते घर म्हणजे तिच्या लेखी मेस. वाढायचं नाही म्हणून ती समोर बसायचीच नाही, ओट्यापाशी पाठ करून काहीतरी पुसत राहायची.

चौथ्या दिवशी तो जेवून उठला, ताट धुऊन ठेवलं, आणि दाराशी उभा राहून म्हणाला, "मॅम काकू, रविवारच्या सामन्याबद्दल मला माफ करा. माझ्यामुळे तुम्हाला लाज वाटली."

म्हणजे त्याला वाटलं की तो हरला म्हणून या बाईनं वाढणं बंद केलं. बायकोच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. ती "नो, नो, नो," एवढंच म्हणाली, आणि तो मैदानावर निघून गेला.

इथंच मी गप्प बसायला हवं होतं. पण आमच्या पिढीला एक सवय आहे. मुलाचं कुठं अडलं की बाप टोपी घालून साहेबाला भेटायला निघतो. माझ्या शाळेतल्या प्रवेशासाठी माझे वडील हेडमास्तरांना भेटले होते, पहिल्या नोकरीसाठी मामा कुणाला तरी भेटले होते. चार शब्द टाकायचे, आपल्याकडे चूक घ्यायची, साहेब विरघळतो. मला वाटलं, मॅनेजरला जाऊन सांगावं की बाबा, दोष मुलाचा नाही, आमच्या घराचा आहे. महिनाभर आम्हाला द्या, आम्ही त्याला होता तसा करून देतो. आणि रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून बायकोनं ऑफिससाठी केलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा मी उचलला. बायकोला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती नको म्हणाली असती, हे मला माहीत होतं, म्हणूनच सांगितलं नाही.

मॅनेजरची खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली होती. खोली म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि दार. दारासमोरच पोरांची बूट घालायची बाकं. दुपारची वेळ, पोरं एकेक येत होती. आमचा मुलगा दिसला नाही, मला बरं वाटलं. मॅनेजर जाडसर, उन्हानं रापलेला, सूर्यफुलाच्या बिया चघळत बसलेला. भारतीय माणूस बघून त्यानं मला डॉक्टर ठरवलं. मीही खोडून काढलं नाही, म्हटलं शब्दाला जरा वजन येईल.

मी सुरुवात केली. आमच्याकडे पाहुणा म्हणजे देवासारखा. ताट रिकामं म्हणजे काय. तूप म्हणजे काय. त्या दुपारी त्यानं काय खाल्लं होतं. मी सगळं सांगितलं, श्रीखंड कसं करतात हेसुद्धा सांगितलं. मॅनेजर चघळायचा थांबून ऐकत होता. मी डबा पुढं केला तेव्हा त्यानं एक लाडू घेतला, अर्धा तोडला, खाल्ला, मान हलवली. मला वाटलं, झालं काम.

मग तो म्हणाला, "डॉक्टर, तुमच्या जेवणाचा यात काही दोष नाही. त्याला वळणारा चेंडू मारता येत नाही. पहिल्या आठवड्यापासून येत नाही. पाय कितीही चांगले असले तरी पळायला आधी चेंडू मारून पहिल्या बेसवर पोचावं लागतं. कालच वरून फोन आला. शनिवारी मी त्याला सांगणार होतो."

आमच्या पुऱ्यांमध्ये एखाद्याची कारकीर्द बुडवण्याइतकीही ताकद नव्हती. पण ते मनात येईपर्यंत माझ्या लक्षात आलं की मागं, बाकांवर, बोलणं थांबलंय. मी वळलो. दार उघडं होतं. मी आत आलो तेव्हा ते लावून घेतलं नव्हतं. आमचा मुलगा बाकावर बसला होता, एक बूट पायात, एक हातात. त्याचे सगळे सोबती आपापल्या बुटांकडे बघत होते.

मॅनेजर उठला. त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मला आजही अंघोळ करताना मधूनच आठवते. तो मुलाला म्हणाला, आत ये. मुलगा एका बुटात आत आला, माझ्या बाजूनं गेला, आणि मी बाहेर आलो. मॅनेजरनं दार लावलं.

मी तिथं डबा धरून उभा. जावं तर मुलगा आत, थांबावं तर सगळे समोर. एका धिप्पाड पिचरला, म्हणजे त्यांच्या गोलंदाजाला, काहीतरी बोलायला हवंसं वाटलं असावं. त्यानं विचारलं, डब्यात काय आहे? मी म्हणालो, गोड आहे, घ्या. त्यानं घेतला. मग शेजारच्यानं घेतला. मग सगळे आले. आपल्याकडे मुलगा पास झाला की पेढे वाटतात. मुलाला काढून टाकत होते त्या दाराबाहेर उभं राहून मी लाडू वाटले, एकेकाच्या हातावर, आणि पोरं म्हणत होती, हे मस्त आहे, कसले आहेत? मी सांगत होतो, बेसनाचे. डबा रिकामा झाला तेव्हा मी घरी आलो.

बायकोला सांगावंच लागलं. तिनं सगळं ऐकलं, फक्त मध्ये एकदा विचारलं, "दार उघडं होतं?" मी हो म्हणालो. तिनं कणीक मळायला घेतली.

तो तासाभरानं आला. त्या संध्याकाळच्या सामन्यात आता त्याला जागा नव्हती, म्हणून त्या उन्हाळ्यात रविवार सोडून पहिल्यांदाच तो संध्याकाळी आमच्याबरोबर जेवायला बसला. बायकोनं भांडी टेबलावर ठेवली आणि स्वतः ओट्यापाशी उभी राहिली. मग त्यानं ताट उचलून तिच्यापुढं धरलं आणि म्हणाला, आता मला कुणी घड्याळ लावून पळवणार नाही. ती वाढायला लागली. किती वाढावं हे तिला कळेना, म्हणून प्रत्येक वेळी ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. घरी आल्यापासून मी वाक्य जुळवत होतो. शेवटी मी म्हणालो, मी तुझ्या भल्यासाठी गेलो होतो, ते असं होईल असं मला वाटलं नव्हतं. त्यानं घास संपवला आणि म्हणाला, "मला माहीत आहे, सर. पुढच्या वेळी दार लावून घ्या."

मुलगी हसली. मग तोही हसला. मलाही हसायला हवं होतं, पण जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला. बायकोनं दिलेला डबा इतका मोठा होता की तो बॅगेत मावेना, त्यानं तो मांडीवर घेतला. मीच त्याला बसपर्यंत सोडलं. वाटेत त्यानं मैदानाकडे पाहिलं नाही आणि मीही पाहिलं नाही. बस सुटताना मी हात हलवला, जोरजोरात, फाउलला टाळ्या वाजवल्या होत्या तसाच.

संघ सीझनभर हरत राहिला. शेवटच्या जागेवरचा हक्क त्यांनी कुणाला सोडला नाही. त्या शिक्षिकाबाई दुकानात भेटल्या की मी मसाल्यांच्या रांगेत शिरायचो. डेव्हनला डॉक्टरांनी विचारलं, तुमचा प्रोफेशनल कुठाय, तेव्हा मी म्हणालो, घरी गेला. ते म्हणाले, अरे वा, सुट्टी का. मी हो म्हणालो.

तो गेल्यावर दोन दिवस मी बायकोच्या मागं मागं हिंडत तेच ते बोलत होतो. लाडू न्यायला नको होते का. दाराकडे लक्ष असतं तर. मॅनेजर मनातून तरी काय म्हणाला असेल. पोरांना काय वाटलं असेल. मी गेलोच नसतो तर शनिवारी त्यानं नीट, एकट्याला बोलावून सांगितलं असतं. ती कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती. माझा सदरा झाला, मुलीचे मोजे झाले, त्या मुलानं पलंगाखाली विसरलेला एक टी-शर्ट झाला. त्याची तिनं दोनदा घडी घातली.

मग ती म्हणाली, "नोकरी त्याची गेली, आणि दोन दिवस मी समजूत तुमची काढतेय. त्याच्या आईचा नंबर फ्रीजवर आहे. फोन लावा, पोचला का विचारायचंय. आणि लागला की माझ्याकडे द्या. तुम्ही काही बोलू नका."